अकराव्या मजल्यावरची लिहिलेली अंडी

एकोणीस एप्रिल, शनिवार. सकाळी साडेआठ वाजता मी शेजारच्या स्वयंपाकघरात उभी राहून अंडी फोडत होते. अठरा अंडी, बलक एका भांड्यात, पांढरं दुसऱ्यात. शनिवारी आमच्या घरी अंडं होत नाही, पण फोडायला हरकत नव्हती, खायचं थोडंच होतं. त्यांच्या ईस्टरच्या गोड पावाला एवढी अंडी लागतात आणि ईस्टर दुसऱ्या दिवशी होता.

शेजारचं घर म्हणजे आखाती शहरातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावरचं, लिफ्टच्या पलीकडचं. तिथे राहणारी बाई युक्रेनची, चाळिशीतली, विमानात नोकरी करणारी. चार वर्षं आम्ही एकमेकींची कुरिअरं घेत होतो, त्यातून ओळख वाढली. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिची आई तिच्याकडे राहायला आली. वय शहात्तर, गुडघे दुखरे, हृदयाचा त्रास, आणि युक्रेनियन सोडून एकही भाषा नाही. माझी मुलगी त्यांना पहिल्या दिवसापासून आजी म्हणायला लागली, म्हणून मीही आजीच म्हणायचे.

नेमक्या ईस्टरला शेजारणीची ड्यूटी लागली. शुक्रवारी संध्याकाळी जायचं, रविवारी सकाळी परत. बॅग ओढत ती आमच्या दाराशी आली आणि बोटं मोजत म्हणाली, "तीन गोष्टी. गोळ्या खिडकीत आहेत, छातीत दुखलं तर एक जिभेखाली ठेवायची. आईला एकटीला बाहेर सोडायचं नाही, ती हरवते. आणि मेणबत्ती. मेणबत्ती विझली का ते दर वेळी बघ."

"जा तू. मी आहे," मी म्हटलं.

हे मी फार सहज म्हणते. ऑफिसातही म्हणते.  नवरा पुण्याला, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलेला. घरात मी आणि सोळा वर्षांची मुलगी.

मेणबत्तीचं कारण असं. आजी आठवडाभर अंडी लिहीत होत्या. त्यांच्यात अंडी रंगवत नाहीत, लिहितात. अंडं कच्चं, पांढरं, कुठे तडा नसलेलं लागतं. आमच्या इथल्या सुपरमार्केटात त्या दिवसांत सगळी तपकिरी मिळत होती, म्हणून मी शहरातल्या अल कुसैस भागात जाऊन एका छोट्या ग्रोसरीतून पांढऱ्या अंड्यांचे दोन ट्रे आणले होते. अंडं व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचं. मग काडीला बांधलेलं पितळेचं इवलंसं नरसाळं मेणबत्तीवर तापवायचं, त्यात मधमाशीचं मेण भरायचं आणि त्या मेणाने रेघा ओढायच्या. जे पांढरं राहायला हवं त्यावर पहिल्यांदा मेण. मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं. जे पिवळं राहायला हवं त्यावर मेण. मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. शेवटी हातात उरतो एक काळा, खडबडीत, कुरूप गोळा. तो ज्योतीच्या बाजूला धरायचा, वर नाही, नाहीतर काजळी बसते. मेण ओलं दिसायला लागलं की कागदाने पुसायचं. मग आतून सगळं बाहेर येतं: तारे, गव्हाच्या ओंब्या, बोटाच्या पेराएवढं हरीण.

मला कलाकुसरीचं वेड नाही. मला दिसत होतं ते असं: थरथरता म्हातारा हात, उघडी ज्योत, तिच्यापासून वीतभर अंतरावर पडदा, आणि बावीस मजली इमारत. पहिल्याच दिवशी मी पडदा क्लिपा लावून वर बांधला आणि पाण्याची बादली आणून टेबलाशी ठेवली. आजींनी टॅबलेटमध्ये काहीतरी म्हटलं. टॅबलेटला एक भाषांतराचं यंत्र होतं. त्याचं मराठी पाठ्यपुस्तकासारखं असायचं. ते म्हणालं, "तुम्ही आग लागण्याची वाट पाहत आहात काय?"

"हो," मी म्हटलं.

आजींना हे इतकं आवडलं की त्यांनी मला समोर बसवलं आणि एक अंडं हातात दिलं. मी ऑफिसातल्या फायलींवर पट्टीशिवाय सरळ रेघ मारते, पण अंड्यावर सरळ असं काही नसतंच. आजींनी माझं अंडं फिरवून फिरवून पाहिलं. यंत्र म्हणालं, "तुमची रेघ मद्यपान करून आली आहे." माझी मुलगी खुर्चीतून पडेस्तोवर हसली.

कच्चं अंडं तसंच ठेवायचं, उकडायचं नाही, फोडायचं नाही. आतलं आपोआप सुकतं. आजींकडे एक फार जुनं अंडं होतं, हलवलं की आत वाटाण्याएवढं काहीतरी खुळखुळायचं. मला तेवढं ऐकूनसुद्धा नाकाला रुमाल लावावासा वाटायचा.

एवढं सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बराच वेळ टॅबलेटशी बोलून सांगितलं. कुठल्याशा डोंगरात एक सैतान साखळदंडाने बांधलेला आहे. दर वसंतात तो आपली माणसं पाठवतो, यंदा लोकांनी किती अंडी लिहिली ते मोजून या म्हणून. भरपूर भरली तर साखळी घट्ट राहते. कमी भरली तर सैल होते. लढाई सुरू झाली त्या वसंतात आजी एका तळघरात होत्या. त्या वर्षी त्यांनी एकही अंडं लिहिलं नाही. ईस्टरनंतर आठवड्याभरात त्यांचं घर गेलं.

घर तोफगोळ्याने गेलं, अंड्यांमुळे नाही, असं मी टॅबलेटमध्ये टाइप केलं. मग पुसून टाकलं. पण तेव्हापासून त्यांच्याकडे बघताना मला कळत होतं की ही बाई हौस म्हणून बसलेली नाही, ती घाबरलेली आहे. एकही पायरी गाळायची नाही, सगळं आईने शिकवलं तसंच. मला अशा माणसांची भीती वाटते. ती कधी काय करतील याचा हिशेब मांडता येत नाही.

तर शनिवारी. अंडी फोडून झाली, कणीक मळून झाली. पीठ फुगायला ओव्हनच्या मंद उबेत ठेवलं. आजी खिडकीशी बसून राहिलेल्या अंड्यांवरचं मेण उतरवत होत्या. मी माझ्या सवयीप्रमाणे मागचं आवरत गेले. मोठ्या वाडग्यात टरफलं होती, एकात एक नीट बसवलेली. त्यांवर माशी बसू नये म्हणून मी ती सगळी पिशवीत भरली, गाठ मारली, कॉरिडॉरच्या टोकाच्या कचऱ्याच्या खोलीत गेले आणि पिशवी भिंतीतल्या झडपेतून खाली सोडून दिली. अकरा मजले घरंगळत गेल्याचा आवाज मला दरवेळी बरा वाटतो. काम संपल्याचा आवाज.

परत आले तर आजी माझ्याकडे पाठ करून बसलेल्या. मी वाडगा धुऊन पालथा घातला. साडेदहा वाजले होते. दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवून मी सांगितलं, वीस मिनिटांत येते. त्यांनी मान हलवली.

घरी आले, कुकर लावला. मुलीला उठवलं. तेवढ्यात पुण्याहून फोन आला, ऑपरेशन नीट झालं, पण सासूबाई डोळ्यावरची पट्टी काढायला बघतायत. मी त्यांना फोनवरून दटावलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. घड्याळात पाहिलं तर अकरा वीस. वीस मिनिटांची पन्नास झाली होती.

शेजारचं दार किंचित उघडं होतं. फटीत आजींची एक चप्पल अडकवलेली.

आत मेणबत्ती जळत होती. तिच्याशेजारी अर्धं पुसलेलं अंडं, कागदाच्या गोळ्यावर टेकवलेलं. टॅबलेट टेबलावर. चष्मा टेबलावर. गोळ्यांची बाटली खिडकीत. ओट्याखालचा कचऱ्याचा डबा ओढून बाहेर काढलेला, त्यातलं सगळं फरशीवर: कागद, चहाच्या पिशव्या, केळ्याचं साल. आणि घरात कोणी नाही. बाथरूम, दोन्ही खोल्या, बाल्कनी. बाल्कनीच्या कठड्यावरून खाली बघायला मला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. खाली फक्त गाड्या होत्या.

मी मेणबत्ती विझवली, ओव्हन बंद केला. गोळ्यांची बाटली खिशात टाकली, सापडल्यावर लागेल म्हणून. हात व्यवस्थित चालत होते. 

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "मॉम, रिलॅक्स. शी मस्ट बी डाउनस्टेअर्स."

"चष्म्याशिवाय? टॅबलेटशिवाय?"

"ओके," ती म्हणाली, आणि तिचाही चेहरा उतरला.

खाली लॉबीत वॉचमन होता. गोरखपूरचा, पन्नाशीचा, नेहमी अदबीने बोलणारा. "मॅडम, मैं तो सुबह छह बजे से यहीं बैठा हूँ. अम्मा नीचे आई ही नहीं."

"कॅमेरा देखो."

"कॅमेरे के लिए ऑफिस से परमिशन..."

"भैया, वो पचहत्तर के ऊपर की हैं, दिल की मरीज़ हैं, और एक शब्द बोल नहीं सकतीं. परमिशन बाद में."

त्याने पाहिलं. साडेदहापासून लॉबीतून गेलेली सगळी माणसं वेगात सरकत गेली. आजी नाहीत. "पीछे का भी एक दरवाज़ा है मॅडम, सर्विस लेन में. वहाँ कॅमेरा खराब है," तो म्हणाला.

आणि मला शुक्रवारचं आठवलं. आजींनी टॅबलेटवर विचारलं होतं, "येथे जवळपास वाहते पाणी आहे काय?" कशाला हवंय ते मी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, वाहतं नाही, पण उद्यानात तळं आहे, दहा मिनिटांवर.

मी पळत सुटले. मुलीला वरती दाराशी बसवलं, फोन हातात ठेवायला सांगितलं, आणि त्या उन्हात, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून तळ्यापर्यंत पळत गेले. एप्रिलमध्येच इथे दुपारचं ऊन डोळ्यांत जातं. वाटेवर सावली नाही. दर चौकात मला रस्त्याच्या कडेला कोणीतरी पडलेलं दिसायचं आणि जवळ गेल्यावर ती सिमेंटची गोणी असायची, झुडूप असायचं. तळ्याच्या काठाने मी पूर्ण फेरी मारली. पाण्यात बघत. पाणी हिरवट आणि स्थिर होतं. एका ठिकाणी पांढरं काहीतरी तरंगत होतं. मी चपला काढल्या, एक पाय पाण्यात घातला, तेव्हा दिसलं की तो थर्माकोलचा तुकडा आहे.

शेजारण तेव्हा कुठल्यातरी समुद्रावरून उडत होती. तिला फोन लागणार नव्हता. मी मनात तिच्याशी बोलायला सुरुवात केली होती. वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य काय असेल, ते इंग्रजीत कसं म्हणायचं. माणूस अजून सापडलेलं नाही आणि मी त्याची बातमी कशी द्यायची ते बसवत होते. याची मला आजही लाज वाटते.

काठावर उभी राहून चपला परत घालताना माझ्या हातात चप्पल होती आणि डोक्यात दुसरी चप्पल आली. दाराच्या फटीतली. एका चपलेवर, एक पाय अनवाणी, कोणी तापल्या रस्त्याने तळ्यापर्यंत येत नाही. जी बाई दार लागू नये म्हणून पायातली चप्पल अडकवते, ती दोन मिनिटांत परत यायचं म्हणून निघालेली असते. ती लांब गेलेलीच नाही. आणि तिने कचऱ्याचा डबा उपसला होता. काय शोधत होती? डब्यात जे नव्हतं ते. मी बाहेर नेऊन टाकलं ते.

मी मुलीला फोन केला. "कचऱ्याची खोली बघ."

ती धावल्याचा आवाज. "नोबडी हिअर, मॉम."

"त्याच्या शेजारचं दार?"

"दॅट्स द फायर एक्झिट."

"उघड. पण हातातून सोडू नकोस! आत जाऊ नकोस! धरून ठेव!" मी भर रस्त्यात किंचाळत होते. एक डिलिव्हरीवाला मोटरसायकल थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

आमच्या इमारतीत जिन्याची दारं कॉरिडॉरमधून उघडतात, जिन्यातून उघडत नाहीत. आग लागली तर माणसांनी खालीच जावं, मध्ये कुठे परत शिरू नये, म्हणून. इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते माहीत असतं, आणि जिन्याने कोणी जातच नाही. आजींना कोण सांगणार होतं? कचरा कॉरिडॉरच्या टोकाला जातो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. टोकाला दोन दारं आहेत. त्यांनी दुसरं उघडलं असणार.

मी पोचेपर्यंत मुलगी दार पाठीने अडवून उभी होती, गालांवर पाणी. "आय कॉल्ड अँड कॉल्ड. शी'ज नॉट आन्सरिंग."

जिन्यात एसी नसतो. आत गेल्या गेल्या गरम, धुळीची हवा तोंडावर आली. मी मुलीला सांगितलं, "काही झालं तरी इथून हलायचं नाही," आणि खाली उतरायला लागले. "आजी!" माझाच आवाज खालवर आपटत राहिला. उत्तर नाही. नवव्या मजल्याच्या दारावर, हाताच्या उंचीला, रंगाचे ठसे होते. लाल, नारिंगी. बोटांना लागलेला अंड्यांचा रंग घामाने ओला होऊन दारावर उमटला होता. आठव्या मजल्याच्या दारावर तसेच, पण खालच्या बाजूला. हात वर उचलवत नसणार.

मला पुढची पायरी उतरायची नव्हती. हे स्पष्टच लिहिते. मला वाटलं, इथेच थांबावं, वॉचमनला पाठवावं, जे काही खाली आहे ते त्याने आधी बघावं. आयुष्यात इतकी वर्षं मी आजारी माणसांच्या उशाशी बसले आहे, पण त्या पायरीवर मी कठडा धरून उभी राहिले होते.

मग खालून खरवडल्यासारखा आवाज आला.

त्या सातव्या मजल्याच्या दारापाशी बसलेल्या होत्या, पाठ भिंतीला, पाय पसरलेले, एक पाय अनवाणी. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ निळसर. केसांतून घाम ओघळत होता. एका हाताने छाती धरलेली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने त्या दार खरवडत होत्या. हाक मारायची ताकद उरली नव्हती. मला बघून त्यांनी खरवडणं थांबवलं, बस.

मी गोळी काढली. झाकण लहान मुलांनी उघडू नये म्हणून केलेलं, ते माझ्याही हातून तीन वेळा उघडेना. उघडलं तेव्हा निम्म्या गोळ्या पायऱ्यांवरून खाली गेल्या. एक त्यांच्या जिभेखाली ठेवली. ओढणीने वारा घातला. "मी आहे, मी आहे," असं म्हणत होते. सवयीने. त्या शब्दांना त्या दिवशी काय किंमत होती ते मला चांगलं माहीत होतं.

वरून मुलगी ओरडली, "मॉम?"

"सापडल्या! अ‍ॅम्ब्युलन्सला फोन कर! आणि वॉचमनला सांग, सातव्या मजल्यावरून दार उघड!"

पाचेक मिनिटांनी ते दार पलीकडून उघडलं आणि गार हवा आत आली. वॉचमन आजींकडे बघून नुसता "या अल्लाह" म्हणाला आणि स्वतःचा शर्ट काढून त्यांच्या डोक्याखाली दिला. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं भराभर आली. त्यांनी छातीला वायरी लावल्या, यंत्रातली पट्टी बघितली. त्यातला एक मला म्हणाला, "कितने टाइम से थीं यहाँ?"

मला सांगावं लागलं. दीड तासाच्या वर.

रुग्णालयात दोन वेळा रक्त घेतलं, तीन वेळा ईसीजी काढला. झटका नव्हता. गोळी वेळेत मिळाली, डॉक्टर म्हणाली, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी पाचपर्यंत आजींच्या चेहऱ्यावर रंग आला. मुलगी टॅबलेट आणि चष्मा घेऊन आली होती. मी टाइप केलं: टरफलं मी फेकली. मला माहीत नव्हतं. वीस मिनिटं म्हणाले आणि वेळेवर आले नाही.

आजींनी चष्मा लावून वाचलं. मग बोलल्या, थांबत थांबत. पावासाठी फोडलेल्या अंड्यांची टरफलं आदल्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायची असतात. ती नदीतून समुद्रात जातात, समुद्रातून पार पूर्वेच्या एका देशात. तिथे साधी, पापभीरू माणसं राहतात, त्यांना तिथी-वार कळत नाही. टरफलं किनाऱ्याला लागली की त्यांना कळतं, ईस्टर झाला.

मुलीने तिथेच फोनवर शोधलं. त्या लोकांना त्यांच्यात जे नाव आहे ते म्हणे आपल्या 'ब्राह्मण' शब्दावरून गेलेलं असावं. "मॉम, इट्स लिटरली अस."

आम्ही ब्राह्मण नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. पण दिवसभरात पहिल्यांदा मला हसू आलं, आणि ते हसू नीट बाहेर यायच्या आत रडूही आलं, म्हणून मी पाणी आणायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा आजींनी टॅबलेट माझ्यापुढे धरला होता. "माझ्या मुलीला हे सांगू नका. ती नोकरी सोडेल. किंवा मला कुलूप लावून जाईल."

मी टॅबलेट पिशवीत ठेवला. रात्री त्यांना घरी आणलं, पेज पाजली, त्यांच्याच सोफ्यावर आडवी झाले. उघड्या दारातून त्यांचा श्वास ऐकत होते. तो थांबला असं वाटलं की उठायचे. कधी डोळा लागला कळलं नाही. रुग्णालयाचे कागद माझ्या पर्समध्ये होते. ते दाखवले नाहीत तर खरंच कोणाला कळलं नसतं. वॉचमनला सांगितलं असतं तर तोही गप्प बसला असता, कॅमेऱ्याच्या परवानगीचा प्रश्न त्यालाही होताच. मला शेजारणीच्या तोंडावर काय उमटेल याची भीती वाटत होती. कालच्या जिन्यातल्या भीतीपेक्षा ही हलकी होती असं म्हणवत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता लिफ्ट उघडली. शेजारण गणवेशात, बॅग हातात. मी कॉरिडॉरमध्येच उभी होते. तिला घरात जाऊ दिलं नाही. जिन्याच्या हिरव्या पाटीच्या दाराशी नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: टरफलं, पन्नास मिनिटं, तळं, जिना, गोळी. कागद हातात दिले. शेवटी म्हटलं, "तुझ्या आईने मला सांगू नको म्हटलंय. तेही तुला सांगते."

ती कागद वाचत राहिली. मग म्हणाली, "तू पन्नास मिनिटं कुठे होतीस?"

"फोनवर."

तिने मान हलवली. "मला आता तुझ्याशी बोलता येणार नाही," ती म्हणाली, आणि आत गेली. दार लागलं. पलीकडून दोघींचे चढे आवाज आले. एक शब्द कळत नव्हता, पण आजींचा आवाज शेजारणीच्या बरोबरीने चढत होता. तेवढा जोर त्यांच्यात आहे हे ऐकून मी घरी गेले.

मुलीला उठवलं. तिने आपल्या फोनवरच्या तशाच यंत्राकडून युक्रेनियनमध्ये एक वाक्य करून घेतलं, मोठ्या अक्षरांत छापलं, खाली इंग्रजी आणि अरबी. "थांबा. हे दार जिन्यातून परत उघडत नाही." बावीस प्रती. वॉचमन म्हणाला, "मॅडम, दरवाज़े पे चिपकाना अलाउड नहीं है." मी म्हटलं, "तो निकाल देना. मैं फिर लगाऊँगी." त्याने चिकटपट्टीचा दुसरा रोल काढून दिला.

सातव्या मजल्यावर मी मुलीला कॉरिडॉरमध्ये उभं केलं. पाच मिनिटांनी उघड म्हटलं, आणि जिन्यात जाऊन दार मागे लागू दिलं. मग दोन्ही हातांनी, होती तेवढ्या ताकदीने दारावर थापा मारल्या. हाका मारल्या. पाचही मिनिटं. ती बरोबर पलीकडे उभी होती, उघडेल हे मला माहीत होतं, तरी तिसऱ्या मिनिटाला मी दारावर कडी चाचपायला लागले.

दार उघडलं. "ऐकू आलं?" मी विचारलं.

"अ लिटल. लाइक समवन मूव्हिंग फर्निचर."

मी त्या दारावर कागद लावला, चारी कोपरे दाबून, आणि सहाव्या मजल्याकडे गेले.